बाहुलीच्या खोक्यातली गाणी

ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन कार्टून मालिकांचा विषय निघाला की वाद ठरलेल्या दोन वाटांनी जातो. एका बाजूचं म्हणणं असं की त्या मालिका म्हणजे अर्ध्या अर्ध्या तासाच्या जाहिराती होत्या. खेळणी खपवायची होती म्हणून गोष्टी रचल्या, तेव्हा त्यात कला शोधत बसू नये. दुसरी बाजू त्या मालिका बघत मोठी झालेल्यांची. त्यांनी आम्हाला धीर दिला, मैत्री शिकवली, आमच्या बालपणाला जाहिरात म्हणू नका, असं ते कळवळून सांगतात. दोघांची भांडणं कितीही कडाक्याची असली तरी दोघांनी एक गोष्ट मुकाट्यानं मान्य केलेली असते: एखादी कलाकृती एक तर विकण्यासाठी असते, नाही तर चांगली असते. घोडं नेमकं इथे पेंड खातं. 'जेम' ही मालिका घ्या. हॅसब्रो या खेळणी कंपनीनं ती बाहुल्या विकण्यासाठी काढली, यात शंका घ्यायला जागाच नाही. तिच्यातलं संगीताचं काम कसबानं आणि मन लावून केलेलं होतं, हेही तपासून दाखवता येतं. माझं म्हणणं इतकंच आहे की मुलांच्या कार्यक्रमाची परीक्षा त्याच्या जन्माच्या दाखल्यावरून करू नये. काम कसं झालं ते बघावं, आणि जाहिरात कुठे लावली ते बघावं. हे दोन वेगळे तपास आहेत, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात भरल्यामुळेच हा वाद चाळीस वर्षं जागच्या जागी फिरतो आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'जेम' ६ ऑक्टोबर १९८५ रोजी सुरू झाली आणि २ मे १९८८ रोजी संपली. एकूण ६५ भाग. निर्मिती हॅसब्रो, सनबो आणि मार्व्हल प्रॉडक्शन्स यांची, ॲनिमेशन प्रामुख्यानं जपानच्या तोएई स्टुडिओचं, आणि कथाविश्व रचलं क्रिस्टी मार्क्स या लेखिकेनं. जेरिका बेंटन या तरुणीच्या अंगावर वडिलांच्या मृत्यूनंतर स्टारलाइट म्युझिक ही रेकॉर्ड कंपनी आणि निराधार मुलींचं एक घर, अशा दोन जबाबदाऱ्या येऊन पडतात. वडिलांनी मागे ठेवलेला सिनर्जी नावाचा संगणक हवेत हुबेहूब प्रतिमा उभ्या करतो. जेरिका कानातल्या चांदणीला हात लावून सिनर्जीला हाक देते आणि गुलाबी केसांची गायिका जेम होते. धाकटी बहीण किंबर कीबोर्डवर, एजा गिटारवर, शाना ड्रमवर, असा हा 'होलोग्राम्स' बँड. समोर पिझाझ, रॉक्सी आणि स्टॉर्मर यांचा 'मिसफिट्स', आणि त्यांच्या मागे एरिक रेमंड नावाचा कावेबाज मॅनेजर. १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झाल्यावर गाणं ऐकण्याइतकीच बघण्याची गोष्ट झाली होती. तिची मुलांसाठीची आवृत्ती म्हणजे ही मालिका.

आता विरोधकांचं जे खरं आहे ते आधी पदरात घालतो, कारण ते वजनदार आहे. १९६९ साली एका कंपनीच्या खेळण्यातल्या मोटारींवर अमेरिकेत कार्टून मालिका निघाली, तेव्हा प्रतिस्पर्धी कंपनीनं एफसीसी या प्रसारण नियामकाकडे तक्रार केली. त्या मालिकेचा काही वेळ जाहिरातीचा वेळ म्हणून मोजावा, असं नियामकानं तेव्हा बजावलं. १९७४ साली मुलांच्या कार्यक्रमांबाबत सविस्तर धोरण आलं. बोस्टनजवळ पेगी चॅरेन आणि त्यांच्या सोबतच्या आयांनी १९६८ साली उभी केलेली 'ॲक्शन फॉर चिल्ड्रेन्स टेलिव्हिजन' ही चळवळ त्यामागे होती. मग वारं फिरलं. १९८१ मध्ये एफसीसीच्या अध्यक्षपदी मार्क फाउलर आले. दूरचित्रवाणी म्हणजे घरातलं आणखी एक उपकरण, चित्रं दाखवणारा टोस्टर, असं म्हणणारे हे गृहस्थ. १९८४ मध्ये एफसीसीनं दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातवेळेची बंधनं उठवली. त्याच्या आदल्याच वर्षी खेळण्यातल्या बलदंड वीरांवरची मालिका रोज दिसू लागली होती, आणि पाठोपाठ रोबो, सैनिक, बाहुल्या अशी रांग लागली. सनबो ही निर्मितीसंस्था तर ग्रिफिन-बेकल या जाहिरात एजन्सीच्या पोटातून निघालेली, आणि हॅसब्रो हे त्या एजन्सीचं गिऱ्हाईक. जाहिरात लिहिणारे आणि मालिका काढणारे एकाच छपराखाली होते, हे कुणी लपवलंही नव्हतं.

खेळण्याच्या दुकानाचा हात कथेत किती खोलवर गेला होता, हेही मान्य करायला हवं. दुसऱ्या वर्षीच्या बाहुल्यांमध्ये राया आणि जेटा या दोघी होत्या. त्यामुळे मालिकेत ड्रम वाजवायला राया आली, आधीची ड्रमर शाना पुढे बेस गिटारवर सरकली, आणि 'मिसफिट्स'मध्ये सॅक्सोफोन वाजवणारी ब्रिटिश जेटा शिरली. लेखिकेला पात्रं सुचली म्हणून बाहुल्या झाल्या असं घडलं नाही, क्रम उलटा होता. जेमच्या कानातल्या चांदण्या गोष्टीत चमकतात, कारण साडेबारा इंचांच्या बाहुलीच्या कानात बॅटरीवर लुकलुकणारे दिवे बसवलेले होते. बाहुलीबरोबर खोक्यात कॅसेट यायची आणि मालिकेतली गाणी त्या कॅसेटवर असायची. म्हणजे गाणं घरी आणायचं तर बाहुली घ्यायला हवी. इतका चोख बांधलेला व्यापार बघून कुणाला शिसारी आली, तर मी त्याला दोष देणार नाही.

पण मग गाणी कशी होती? जाहिरातीच्या बाजूनं बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघेही हा प्रश्न विचारतच नाहीत. ६५ भागांत १८७ संगीतचित्रफिती आहेत, म्हणजे दर भागाला जवळजवळ तीन. त्यात वेगवेगळी गाणी १५१. संगीत ॲन ब्रायंट यांचं, शब्द बॅरी हार्मन यांचे. जाहिरातीचं एक बोधगीत करून तेच ६५ वेळा वाजवलं असतं तरी बाहुली खपली असती, आणि पैसेही वाचले असते. ज्यांना फक्त विकायचं असतं ते दीडशे गाणी करायला बसत नाहीत.

आणि ही गाणी करणं सोपं नव्हतं. एका भागाला जाहिराती वगळून सुमारे २२ मिनिटं मिळतात. त्यात कथाही सांगायची आणि तीन गाणीही बसवायची, तर एका गाण्याच्या वाट्याला मिनिट, सव्वा मिनिट येतं. रेडिओवरच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्याला कात्री लावून हे साधत नाही, रचनाच वेगळी लागते. हिशोब करून बघा. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली, चार ठोक्यांचा एक बार धरला, तर एका बारला दोन सेकंद लागतात. चार बारांची सुरावट, आठ बारांचा अंतरा, आठांचं ध्रुवपद, पुन्हा आठांचा अंतरा, पुन्हा आठांचं ध्रुवपद, असे ३६ बार, म्हणजे ७२ सेकंद झाले. एवढ्यात गाणं संपायला हवं. सुरुवातीची सुरावट हौसेनं आठ बारांची केली की आठ सेकंद गेले, आणि ते दुसऱ्या ध्रुवपदातूनच कापावे लागतात. ध्रुवपद एकदाच ऐकलेलं मूल ते गुणगुणत नाही. दुसऱ्या फेरीला ते ओळखीचं होतं, तिथेच गाणं मनात बसतं. म्हणून असल्या गाण्यात आलाप नाही, लांबण नाही, सोलो वाजवून दाखवायला जागा नाही. पहिल्या ओळीतच विषय सांगावा लागतो. छोटा ख्याल हा मोठ्या ख्यालाची कापलेली प्रत नसतो, हे आपल्याकडे गाणं शिकणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. सव्वा मिनिटाच्या गाण्याचंही तेच आहे.

चित्रांचं गणित आणखी बारीक. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमनं चालते. १२० च्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे बरोबर १२ फ्रेमचा. दर दोन फ्रेमना एक चित्र या सर्रास चालणाऱ्या पद्धतीनं एका ठोक्यात सहा चित्रं बसतात. दृश्य बदलायचं ते ठोक्यावर, आणि ठोका पूर्ण फ्रेमवर पडलेला, त्यामुळे डोळा आणि कान एकाच वेळी टाळी देतात. आता लय थोडी वाढवून १३२ करा. एक ठोका १०.९ फ्रेमचा झाला. फ्रेम तर तोडता येत नाही. चित्रकारानं ११ धरून कामाचा तक्ता भरला, तर ३६ बारांच्या म्हणजे १४४ ठोक्यांच्या गाण्यात शेवटी १३ फ्रेमचा घोळ होतो: ढोल आधी वाजून जातो आणि चित्रातला हात अर्ध्या सेकंदानं खाली येतो. मधूनमधून दहा फ्रेमचा ठोका घालून हे सावरावं लागतं, आणि कुठे घालायचा ते चित्र काढण्याआधी ठरवावं लागतं. म्हणूनच ॲनिमेशनमध्ये गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं, त्याचा ठोक्याठोक्याचा तक्ता निघतो आणि चित्र त्या तक्त्यावर बेततात.

इथे एमटीव्हीनं मुलांच्या कार्टूनवाल्यांना एक मोठी सोय करून दिली होती. ७२ सेकंदांत १७२८ फ्रेम, म्हणजे दर दोन फ्रेमना एक या हिशोबानं एका पात्राची ८६४ चित्रं. तीन गाण्यांची झाली २५९२, तीही एकाच पात्राची. दूरचित्रवाणीच्या बजेटमध्ये हे कुणालाच परवडत नव्हतं. नेहमीच्या कार्टूनमध्ये चित्रं वाचवली की लगेच कळतं: पात्र पुतळ्यासारखं उभं, नुसते ओठ हलतात. संगीतचित्रफितीला मात्र स्थळकाळाची सलगता लागतच नाही. आता समुद्रकिनारा, पुढच्या ठोक्याला अवकाश, त्यापुढे नुसते रंगीत त्रिकोण. स्थिर चित्र ठोक्यावर बदललं तरी ते जिवंत वाटतं, कारण हालचालीचं काम लय करते. गरिबीतून निघालेली ही युक्ती 'जेम'मध्ये शैली होऊन बसली आहे. मिसफिट्सच्या चित्रफितींत तिरके कोन, भडक हिरवे-पिवळे रंग आणि फुटणाऱ्या वस्तू. होलोग्राम्सच्या चित्रफितींत गोलाई, गुलाबी-जांभळी छटा आणि एकातून दुसऱ्यात विरघळणारी चित्रं. आवाज बंद करूनही कुठला बँड गातो आहे ते सांगता येतं. ज्या ठिकाणी घाई झाली तिथे चुकाही दिसतात, कुठे ओठ शब्दांशी जुळत नाहीत तर कुठे रंग चुकतो, आणि तेच गाणं नव्या चित्रांसह पुन्हा येतं. १८७ मधून १५१ वजा केले की ३६ उरतात, ते असे पुन्हा आलेले. हे दोष झाकायचं कारण नाही.

आवाजाचं एक वेगळं प्रकरण आहे, आणि ते मराठी वाचकाला अमेरिकन वाचकापेक्षा लवकर उमगेल. जेरिका आणि जेमचं बोलणं सामंथा न्यूआर्क यांच्या आवाजात, गाणं ब्रिटा फिलिप्स यांच्या. पिझाझचं बोलणं पॅट्रिशिया ऑल्ब्रेक्ट यांचं, गाणं एलन बर्नफेल्ड यांचं. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्या कानांना यात वावगं काहीच वाटत नाही; पडद्यावरचा चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा, हा आपल्याकडे शंभर टक्के सभ्य व्यवहार आहे. अमेरिकेत मात्र दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवणाऱ्या एका जोडगोळीचा ग्रॅमी पुरस्कार १९९० साली काढून घेतला गेला. त्या देशात, त्याच काळात, मुलांच्या एका मालिकेची नायिका अशी होती की तिचा आवाज स्वतःचा आणि चेहरा यंत्रानं घातलेला. ही गोष्ट बाहुली विकण्याच्या गरजेतून आली, हे खरंच: एका बाहुलीला दोन वेश असले की कपडे दुप्पट खपतात. पण लेखिकेनं त्या गरजेला प्रश्न करून टाकलं. रिओ हा जेरिकाचा प्रियकर. त्याला जेमची ओढ लागते, आणि जेरिका स्वतःचाच मत्सर करू लागते. प्रसिद्ध माणूस आणि घरचं माणूस एकाच शरीरात राहतात तेव्हा प्रेम नक्की कुणावर आहे? सात-आठ वर्षांच्या मुलीसमोर हा प्रश्न ठेवणं हे दुकानदाराचं काम नव्हे.

गाण्यांचा गोष्टीशी सांधा कसा जुळवला होता, हे बघताना मला आपली संगीत नाटकं आठवतात. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आलं तेव्हापासून नाट्यपदाबद्दल एकच तक्रार होत आली: पद सुरू झालं की नाटक थांबतं. उत्तम पद तेच, जे संपतं तेव्हा पात्र सुरुवातीला होतं तिथे राहिलेलं नसतं. पुढे 'वन्स मोअर'च्या काळात हे भान सुटलं आणि पदांच्या मैफलीत नाटक हरवलं, असं जुनेजाणते सांगतात. 'जेम'मधल्या गाण्याला ती चैन नव्हती. सव्वा मिनिट संपलं की कथेत परत यावंच लागे. त्यामुळे ते गाणं एक तर दोन बँडमधलं भांडण असतं, नाही तर पात्राच्या मनातला निर्णय, नाही तर पाठलाग आणि कारस्थानाचा वेग. मिसफिट्सची गाणी तर उघडउघड आडमुठी आहेत. आम्हाला हवं ते आम्ही घेणार, असा त्यांचा सूर. नायिकेच्या विरोधातल्या बायकांना इतकी जोरकस, स्वतःची अशी गाणी द्यायची आणि ती मुद्दाम वाईट करायची नाहीत, ही समज फार थोड्या बालमालिकांनी दाखवली आहे. अनेकांना आजही मिसफिट्सचीच गाणी जास्त आवडतात, आणि ते वाजवी आहे.

दोन्ही बँड फुटतात तो भाग जवळून बघण्यासारखा आहे. किंबर होलोग्राम्सची गाणी लिहिते, स्टॉर्मर मिसफिट्सची. दोघींचं दुखणं एकच: आपल्या कामाची आपल्याच माणसांना किंमत नाही. दोघी आपापला बँड सोडतात, योगायोगानं भेटतात, आणि एकत्र गाणी करू लागतात. या भागात खलनायक जवळजवळ बिनमहत्त्वाचा आहे. महत्त्वाचं आहे ते दोन गीतकार मुलींनी एकमेकींच्या ओळी उचलून धरणं. मुलांच्या किती मालिकांनी सांगितलं की गाणं आकाशातून पडत नाही, कुणीतरी बसून लिहितं, आणि लिहिणारा बहुधा पुढे उभा राहणारा नसतो? दुसऱ्या एका भागात रॉक्सीला वाचता येत नाही हे उघड होतं. साक्षरतेवर भाषण न देता मालिका तिचा राग, लपवाछपवी आणि लाज दाखवते. वाचता न येणारं पात्र नेहमी गरीब आणि दीनवाणं असतं. इथे ती यशस्वी, उद्धट, चमचमत्या कपड्यांतली रॉकस्टार आहे. या दोन भागांनी एकही जास्तीची बाहुली विकली नसेल. लेखकांना आपलं काम नीट करायचं होतं, म्हणून ते लिहिले गेले.

पैसा आणि कला यांच्या नात्याबद्दल इतके सोवळे होताना आपल्या घरातला इतिहास आठवावा. डॉ. बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळपास हद्दपार झालं. हेतू थोर होता: देशाचे कान सुधारायचे. लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. तिथे १९५२ पासून अमीन सयानी 'बिनाका गीतमाला' सादर करू लागले. बिनाका ही टूथपेस्ट, आणि तिची मालक परदेशी औषध कंपनी. बुधवारच्या रात्री ज्या कार्यक्रमाभोवती अख्खी वाडी गोळा होई, तो दात घासायची पेस्ट खपवण्यासाठी काढलेला होता. त्या पेस्टच्या खोक्यात प्लास्टिकचे चिमुकले प्राणीही निघत, आणि मुलं ते जमवत. आज कुणी 'गीतमाला म्हणजे नुसती टूथपेस्टची जाहिरात' असं म्हणालं तर आपल्याला ते खोटं वाटेल, कारण ते अपुरं आहे. ही तुलना पुरती जुळत नाही, हे मला कळतं. टूथपेस्ट गाण्यात नव्हती, आणि 'जेम'मध्ये विक्रीची वस्तू हीच नायिका आहे. हा फरक मोठा आहे. मात्र त्यातून एवढंच निघतं की 'जेम'च्या बाबतीत पहारा जास्त कडक हवा होता. काम वाईट होतं, असं त्यातून निघत नाही.

जाहिरात म्हणून बघायचं तर 'जेम' सपशेल पडली, ही बाब या वादात कुणी फारशी मांडत नाही. मॅटेलनं १९८६ मध्ये आपली बार्बी रॉक बँड घेऊन बाजारात उतरवली. बार्बी साडेअकरा इंचांची आणि जेम साडेबारा. घरात आधीच असलेले बार्बीचे कपडे जेमला होत नसत. आईबापांना एका बाहुलीपायी नवं कपाट उभं करावं लागे. अशा गोष्टींनीच खेळण्यांचा धंदा तरतो किंवा बुडतो. १९८७ संपेपर्यंत बाहुल्यांचं उत्पादन थांबलं, आणि मग मालिकाही आटोपली. निव्वळ जाहिरात असती तर मालासोबत तीही विसरली गेली असती. १९८७ च्या कुठल्या बंद पडलेल्या साबणाची जाहिरात आज कुणी पाठ म्हणतं? बाहुली गेली आणि गाणी राहिली. २०१५ साली केली थॉम्पसन आणि सोफी कॅम्पबेल यांनी याच पात्रांवर नवी कॉमिक मालिका केली. त्यांनी सगळ्या मुलींना साच्यातली एकच शरीरयष्टी न देता वेगवेगळ्या बांध्याच्या केलं, आणि किंबर-स्टॉर्मर यांच्यातल्या जवळिकीला उघड प्रेम म्हटलं.

त्याच वर्षी त्याच नावाचा चित्रपटही आला. मूळ मालिकेच्या रचनाकार क्रिस्टी मार्क्स यांना त्यात विचारलं गेलं नव्हतं. त्यांनी तसं जाहीरपणे सांगितलं. सिनर्जीचा एक छोटासा यंत्रमानव झाला, मिसफिट्स शेवटच्या श्रेयनामावलीत जेमतेम डोकावल्या, आणि सगळा भर एका सामान्य मुलीच्या अचानक प्रसिद्धीवर राहिला. सुमारे ५० लाख डॉलरच्या चित्रपटाचा गल्ला त्याच्या निम्म्यालाही पोचला नाही, आणि दोनएक आठवड्यांत तो चित्रपटगृहांतून उतरवला गेला. या वेळी बाहुल्यांची आख्खी फळी खपवायचं ओझं कुणाच्या डोक्यावर नव्हतं. विक्रीचा दबाव गेला की दर्जा आपोआप येतो, असं मानणाऱ्यांनी या चित्रपटाचं काय करायचं ते सांगावं.

आठवणींच्या बाजूनं बोलणाऱ्यांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. मालिकेला स्त्रीवादाचा जाहीरनामा ठरवून टाकणं हा तिच्यावर प्रेम करण्याचा बरा मार्ग नाही. बायका कंपनी चालवतात, वाद्यं वाजवतात, कृष्णवर्णीय शाना, चिनी वंशाची एजा आणि मेक्सिकन वंशाची राया एका बँडमध्ये आहेत; १९८५ च्या मानानं हे ठळक होतं. त्याच मालिकेत संकटातून सुटण्याचा मार्ग बऱ्याचदा एखाद्या फॅशन शोमधून जातो, सगळ्याजणी सारख्याच सडपातळ आहेत, आणि जेरिका ज्याच्यावर प्रेम करते त्याला वर्षानुवर्षं फसवत राहते, याची किंमत तिला कधी पुरती मोजावी लागत नाही. मालिका आवडते म्हणून हे दिसेनासं होऊ नये.

आता सगळ्यात भक्कम आक्षेप. लहान मुलाला जाहिरात आणि गोष्ट यातला फरक कळत नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या अधिकाऱ्यांनी १९७८ सालीच हा मुद्दा मांडला होता: आठ वर्षांखालच्या मुलाला समोरचा आपल्याला काही विकू पाहतो आहे हेच उमजत नाही, तेव्हा त्याला उद्देशून जाहिरात करणंच अन्यायाचं आहे. उद्योगांनी गदारोळ केला आणि १९८० मध्ये संसदेनं आयोगाचे हात बांधले. मला या मुद्द्यापुढे मान तुकवावीच लागते. जाहिरात इतकी सुरेल असेल तर ती जास्तच धोकादायक, असंही कुणी म्हणेल, आणि तेही खरं आहे. गाण्याचा गुण हा व्यापाऱ्याचा बचाव होऊ शकत नाही.

पण मग बंदी कशावर घालायची? 'खेळण्यावरून काढलेली मालिका नको' असा नियम केला तर तो फक्त क्रम बघतो: आधी बाहुली की आधी गोष्ट. हा क्रम मुलाला दिसतच नाही. आपल्याकडे छोटा भीम २००८ मध्ये आधी पडद्यावर आला, दप्तरं, डबे आणि बाहुल्या मागून आल्या. दुकानात आईचा पदर ओढणाऱ्या पाच वर्षांच्या पोराला त्यात काय फरक पडतो? 'सेसमी स्ट्रीट'सारखा शिक्षणासाठी नावाजलेला कार्यक्रमही पात्रांच्या बाहुल्यांमधून पैसा उभा करत आला आहे. जन्मक्रमावर बंदी घातली की सुक्याबरोबर ओलंही जळतं आणि मूल मात्र आहे तिथेच उघड्यावर राहतं. १९९० साली अमेरिकेत मुलांच्या दूरचित्रवाणीचा कायदा झाला तेव्हा वेगळी वाट धरली गेली. मुलांच्या कार्यक्रमांत तासाला जाहिराती किती, तर आठवडी सुट्टीला साडेदहा मिनिटं आणि इतर दिवशी बारा. शिवाय ज्या पात्राचा कार्यक्रम चालू आहे त्याच पात्राच्या मालाची जाहिरात त्या कार्यक्रमात दाखवली, तर सगळा कार्यक्रमच जाहिरात धरला जाईल, अशी व्याख्या नियामकानं केली. या नियमाला पळवाट म्हणून नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मला तो पुरेसा वाटत नाही, तरी दिशा बरोबर वाटते. कारण हा नियम जे मोजता येतं ते मोजतो. लेखकाचा हेतू कुठल्या अधिकाऱ्याला घड्याळ लावून तपासता येत नाही. जाहिरात किती मिनिटांनी आणि कशाच्या शेजारी लागली, ते तपासता येतं. 'जेम'च्या मध्यंतरात जेमची बाहुली दाखवणं हे गैर होतं. 'जेम'मधलं गाणं गैर नव्हतं.

हे जुनं प्रकरण आज उकरण्याचं कारण प्रत्येक घरात जेवणाच्या ताटाशेजारी उभं आहे. भारतात दूरचित्रवाहिन्यांना तासाला १२ मिनिटांची जाहिरातमर्यादा नियमांत लिहिलेली आहे, आणि जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींसाठी स्वतंत्र कलमं आहेत. मोबाइलवरच्या बालगीताला मात्र तासही नाही आणि मध्यंतरही नाही. मूल ज्या बोटानं पुढचं गाणं लावतं त्याच बोटाखाली खेळण्याचं खोकं उघडून दाखवणारा व्हिडिओ येतो. मुलांची माहिती पालकांच्या परवानगीवाचून गोळा केल्याबद्दल २०१९ मध्ये अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले. त्यानंतर मुलांच्या व्हिडिओंवर व्यक्तिगत माहितीवरून बेतलेल्या जाहिराती बंद झाल्या. मध्यंतरच नसलेल्या पडद्यावर शेजाराचा नियम लावायचा कसा, हे अजून कुठल्या देशानं नीट सोडवलेलं नाही.

सुरुवात तरी करता येईल. मुलांच्या व्हिडिओत खेळणं दिसत असेल, तर ते दाखवण्याचे पैसे मिळाले का हे पहिल्या पाच सेकंदांत, बोलून सांगितलं जावं, कारण पाहणाऱ्याला अजून वाचता येत नाही. ज्या पात्राचं गाणं चालू आहे त्याच्या वस्तूचा दुवा त्या पडद्यावर नसावा. एक व्हिडिओ संपल्यावर दुसरा आपोआप लागू नये. आणि बालगीतं काढणाऱ्यांनी गाण्याखाली संगीतकार, गीतकार, गायक आणि चित्रकार यांची नावं द्यावीत. कोट्यवधी वेळा वाजलेल्या मराठी बडबडगीतांच्या व्हिडिओंखाली आज वाहिनीचं नाव असतं, बोधचिन्ह असतं, आणि चाल कुणी लावली याचा पत्ता बऱ्याचदा नसतो. खेळण्याच्या कंपनीनं १९८५ साली काढलेल्या मालिकेतल्या दीडशे गाण्यांची चाल कुणाची आणि शब्द कुणाचे, हे मात्र आजही सांगता येतं.